चार शून्यांची टेक

बाबनराव बारापात्र्यांशी तुमची ओळख झाली, तर ते तुम्हाला चहा विचारतील की नाही हे सांगता येत नाही. पण पहिल्या पाच मिनिटांत आपला फोन नंबर ऐकवतील, ही काळ्या दगडावरची रेघ!

"लिहून घेऊ नोका," ते म्हणणार. "जो लिहून घ्या लागते तो काय नंबर झाला? ऐका आन् घरी जा. शेवटी चार शून्य! असा नंबर अख्ख्या नागपुरात कोणापाशी नाही!"

गोळीबार चौकाच्या अलीकडे त्यांचं 'बारापात्रे बिछायत केंद्र' आहे. मांडव, गाद्या, खुर्च्या, स्वयंपाकाची भांडी, सगळं भाड्यानं. फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं, त्या काळात हा चार शून्यांचा नंबर कोणी घ्यायला तयार नव्हतं. इतवारीतले व्यापारी म्हणायचे, धंद्याच्या शेपटीला शून्य? आणि तेही चार? बाबनरावांनी तो घेतला, कारण लोक नको म्हणत होते! हे त्यांच्या रक्तातच होतं. त्यांच्या वडिलांनी घरातला माग विकून खुर्च्या घेतल्या, तेव्हा अख्खी कोष्टी आळी हसली होती. हसणाऱ्यांच्या पोरांची लग्नं पुढे त्याच खुर्च्यांवर लागली.

आता आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची रीत आहे. मामानं दिलेला तांब्या असला की त्याच्यावर मामाचं नाव. बाबनरावांनी नावाऐवजी नंबर घातला! वाट्यांवर, परातींवर, गंजांवर, बादल्यांवर ठोकून ठोकून. खुर्च्यांच्या पाठीवर रंगानं आणि सतरंज्यांच्या कोपऱ्यात दोऱ्यानं. पंगतीतून कोणी वाटी खिशात घालून नेलीच, तर घरच्या पुढच्या लग्नाला फोन कुठं करायचा हे त्या चोरालाही कळायचं. थोडक्यात, बाबनरावांचा सगळा संसार त्या नंबरावर उभा होता, आणि तो नंबर म्हणजे आपणच, असं त्यांना मनापासून वाटायचं.

ऐन लग्नसराईत त्या भागातले फोन सांभाळायचं काम 'मधुरवाणी टेलिकॉम' नावाच्या नव्या कंपनीकडे आलं. कंपनीनं जुनी यंत्रं काढून नवा स्विच बसवला, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी बाबनरावांचा फोन खणखणला.

"हॅलो! अर्ध्या तासापासून तुमचं गाणं ऐकून राहिली मी!" एक बाई कडाडल्या.

बाबनरावांनी आयुष्यात आरतीसुद्धा मोठ्यानं म्हटली नव्हती. ते म्हणाले, "बाई, हे बिछायत केंद्र हाय. मांडव पाहिजे का?"

"मांडव कायले? फोन बंद हाय माहा! शेजारणीच्या मोबाईलवरून बोलून राहिली. सिंधूताई, जरीपटका. घ्या तक्रार लिहून!"

"मी नाही घेऊ शकत, बाई."

"घेऊ शकत नाही? मंग तिथं बसले कायले? बिल तं बराबर पाठवता!"

फोन आपटला गेला. बाबनराव रिसीव्हरकडे बघतच राहिले. ठेवतात न ठेवतात तोच पुन्हा वाजला! "साहब को दो!" हा एक. "तुमचं इंटरनेट आहे का बैलगाडी?" हा दुसरा. तिसरा तर बोलायच्या आधीच शिव्या देत होता. संध्याकाळपर्यंत बाबनरावांनी अर्ध्या नागपूरच्या शिव्या खाल्ल्या, आणि आपण कंपनी नाही यावर एकाचाही विश्वास बसला नाही. "आजकाल तुमी लोकं असंच सांगता," असं उलट ऐकायला मिळालं.

तीन-चार दिवस असे काढल्यावर बाबनरावांनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि सीताबर्डीवरचं कंपनीचं ऑफिस गाठलं. तिथं वैभव नावाचा एक तरुण इंजिनिअर भेटला. पोरगा सालस होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग समजावून सांगायला घेतलं.

"काका, स्विच म्हणजे कपाटाएवढी मशीन. कोणाचा कॉल कोणाकडे द्यायचा हे ती ठरवते. आता आमच्या तक्रार केंद्रावर लाईनी मोजक्या. त्या भरल्या की उरलेला कॉल मशीनला कुठंतरी टाकावा लागतो. आणि ही मशीन तो त्या भागातल्या पहिल्या नंबरावर टाकते."

"मंग?"

"पहिला नंबर म्हणजे शेवटी चार शून्य. म्हणजे तुम्ही!"

एरवी 'पहिला नंबर' म्हटल्यावर बाबनरावांची छाती फुगली असती. आज ते नुसतेच गुरगुरले. "मशीनले दुसरी जागा सांगा ना."

"तेच सांगता येत नाही, काका. नोन लिमिटेशन आहे."

"काय हाय?"

"नोन लिमिटेशन. म्हणजे मशीनची मर्यादा. कंपनीला माहीत असलेली."

"माहीत हाय, तं दुरुस्त काहून नाही करत?"

"माहीत आहे म्हणूनच नाही करत!" वैभव अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "माहीत नसती, तर तो बिघाड झाला असता. बिघाड दुरुस्त करावा लागतो. मर्यादा सांभाळून घ्यावी लागते."

एवढं साधं, एवढं गुळगुळीत आणि एवढं निर्लज्ज उत्तर बाबनरावांनी राजकारणातही ऐकलं नव्हतं. तेवढ्यात आतून मॅनेजर रविंद्र साहेब आले. टाय लावलेले, हसतमुख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उपाय सुचवला.

"सिंपल आहे! तुम्ही नंबर बदला. नवा नंबर फ्री देतो आम्ही."

बाबनरावांनी पाण्याचा पेला टेबलावर आपटला.

"नंबर बदलू?" ते उठून उभे राहिले. "माह्या वाट्याइवर कोरला हाय तो! पराती पुसू? गंजं पुसू? बापानं माग मोडला, पण मान नाही मोडली. मशीन तुमची, आन् बदलू मी?"

"मग आमचा नाइलाज आहे," रविंद्र साहेब हसतच म्हणाले आणि आत गेले. ते हसू बाबनरावांच्या जिव्हारी लागलं.

घरी आल्यावर त्यांनी सगळी हकीकत बायकोला सांगितली. अनुसयाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे चूक माहीत हाय, पण सुधारत नाही?"

"हो!"

"मंग तुमच्यात आन् त्या मशीनमंधी फरक काय?"

बाबनरावांनी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. त्यांना त्याहून मोठी लढाई लढायची होती.

इकडे खऱ्या गिऱ्हाइकांचे हाल सुरू झाले होते. दिवसभर फोन गुंतलेला! रामटेकचे नत्थूजी बसमध्ये बसून स्वतः दुकानात आले. त्यांच्या पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तोंडावर आलं होतं.

"बाबनराव, साक्षगंध माह्या पोरीचं हाय का तुमचं?" ते कडाडले. "कधीबी पाहा तं फोन बिझी! कोणाशी बोलून राहिले एवढं?"

"तक्रारी ऐकून राहिलो," बाबनराव खिन्नपणे म्हणाले.

"कोणाच्या?"

"सगळ्याइच्या!"

नत्थूजींनी शंभर खुर्च्या सांगितल्या आणि डोकं हलवत निघाले. जाता जाता त्यांना बाबनरावांच्या सुनेनं, धनश्रीनं, थांबवलं. ती बी.कॉम. झालेली, दुकानाचा हिशेब तीच बघायची. "काका, फोन नाही लागला तं माह्या मोबाईलवर करत जा," असं म्हणून तिनं आपला नंबर दिला. त्या आठवड्यात जे जे गिऱ्हाईक चरफडत दुकानात आलं, त्याला तिनं तो देऊन टाकला. सासऱ्यांना काही बोलली नाही. ते अशा मनःस्थितीत नव्हते.

बाबनराव तेव्हा एक जबरदस्त डाव आखत होते. आपला फोन दुसऱ्या नंबरावर वळवता येतो, डायव्हर्ट करता येतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. बस्स! त्यांचं पाणी त्यांच्याच विहिरीत!

"सूनबाई," त्यांनी जाहीर केलं, "आपला फोन कंपनीच्या तक्रार केंद्रावर डायव्हर्ट कर! जे माह्याकडं येईन ते सरळ त्याइच्याच डोक्स्यावर!"

"पण मामाजी, आपले गिऱ्हाईकबी तिकडंच जातीन ना?"

"जाऊ दे! लढाईत थोडं नुकसान होतेच!"

धनश्रीनं एकदा सासूकडे पाहिलं. अनुसयाबाईंनी मान हलवली, म्हणजे सांभाळून घे. धनश्रीनं आकडे सांगितले, आणि बाबनरावांनी एकेक बटण असं दाबलं, जणू खाली रविंद्र साहेबांचं नाकच होतं. फोन गप्प झाला. पाच मिनिटं गेली, दहा मिनिटं गेली. बाबनराव विजयी मुद्रेनं पानठेल्यावर गेले, चार लोकांना पराक्रम ऐकवला आणि घरी येऊन दुपारभर घोरले.

तिकडे काय घडत होतं याची त्यांना कल्पनाच नव्हती.

एक तर नत्थूजींचा घोळ झाला. साक्षगंधाला पाहुणे वाढले, म्हणून त्यांनी आणखी पन्नास खुर्च्या सांगायला फोन केला. धनश्रीच्या नंबराची चिठ्ठी घरच्या गडबडीत हरवली होती. म्हणून त्यांनी, बिचाऱ्यांनी, घरातली वाटी उलटी करून पाहिली! (ती वाटी त्यांच्या घरात कशी आली, हे बाबनरावांनी पुढेही कधी विचारलं नाही.) नंबर लावला, आणि कॉल वळून तक्रार केंद्रावर गेला.

"खुर्च्या कमी पडून राहिल्या," नत्थूजी म्हणाले.

"आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व," तिकडची मुलगी पत्ता लिहून घेत म्हणाली. "तक्रार नोंदवली आहे. उद्या सकाळी आमचा माणूस येईल."

नत्थूजी खूश! एवढ्या अदबीनं बाबनराव कधी बोलत नसत. दुसऱ्या दिवशी माणूस आलाही, अगदी वेळेवर. एक लाईनमन, एक शिडी आणि तारेचं भेंडोळं! मांडवात माणसं ताटकळत उभी, आणि हा विचारतोय, बिघाड कुठं आहे? शेवटी नवऱ्या मुलाच्या मामांना शिडीच्या दुसऱ्या पायरीवर टेकवलं. मानपानाच्या दृष्टीनं ती जागा सगळ्यांत उंच होती, त्यामुळे मामा तक्रार करू शकले नाहीत.

पण खरी गंमत स्विचमध्ये चालली होती. तक्रार केंद्राच्या लाईनी भरल्या की उरलेला कॉल बाबनरावांकडे यायचा. बाबनरावांचा फोन तो पुन्हा तक्रार केंद्राकडे पाठवायचा. तिथं जागा नाही, म्हणून स्विच तो पुन्हा बाबनरावांकडे! दोन व्याही दारात उभे राहून "तुमी आधी", "छे, तुमी आधी" करत राहावेत आणि आत पंगत खोळंबावी, तसला प्रकार! आणि प्रत्येक फेरीला तो कॉल स्विचमधली एकेक जागा अडवत होता. असे कॉल एक-दोन नव्हते, ढीगभर होते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत स्विच गच्च भरला, आणि अर्ध्या भागातले फोन मुके झाले!

जेवण उरकून बाबनराव सुपारी कातरत बसले होते. दुकानासमोर कंपनीची गाडी कचकन थांबली. आतून वैभव उतरला, घामानं निथळत. मागोमाग रविंद्र साहेब, टाय सैल, हसू गायब.

"काका, काय केलं तुम्ही?" वैभव ओरडलाच. "डायव्हर्ट काढा आधी! सगळं बंद पडलं!"

त्यानं घाईघाईत सगळा फेरा समजावून सांगितला. बाबनराव मन लावून ऐकत होते. सुपारीचा एक तुकडा तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "एवढी मोठी मशीन. हाच कॉल आत्ताच येऊन गेला, हे तिले समजत नाही?"

वैभवनं मान खाली घातली. "नाही समजत. तेपण नोन लिमिटेशन आहे."

"मंग तिकडूनच काढा ना माहा डायव्हर्ट."

"स्विच भरला की आमचंही ऐकत नाही तो. ज्या फोनवरून लावला, त्याच फोनवरून काढावा लागतो."

"तेबी नोन लिमिटेशन?"

"तेबी," वैभवच्या तोंडून निघून गेलं.

बाबनरावांच्या आयुष्यात असा क्षण पूर्वी आला नव्हता. अख्खा मोहल्ला, एक मॅनेजर आणि कपाटाएवढी मशीन त्यांच्या एका बोटावर लटकली होती. रस्त्यावर गर्दी जमली. अनुसयाबाई आणि धनश्री दारात येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब," वैभव मॅनेजरला म्हणाला, "मशीन बंद करून चालू करतो. चालू झाल्यावर थोडा वेळ मोकळी राहील. तेवढ्यात काकांनी डायव्हर्ट काढला तर ठीक, नाही तर पुन्हा भरणार."

त्यानं मोबाईलवरून एक्स्चेंजमधल्या माणसाला सांगितलं. बाबनरावांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. शांतता... शांतता... आणि मग टोन आला!

"आला, काका! दाबा!" वैभव ओरडला.

बाबनरावांनी बोट वर केलं. बटणापर्यंत नेलं. आणि तिथंच थांबवलं.

"आधी माह्या नंबराचं बोला."

"अहो, बोलू नंतर!" रविंद्र साहेब किंचाळले. "दाबा!"

"नाही. मले तक्रारीचे फोन नाही पाहिजे. आन् नंबर बदलणार नाही."

"सांगितलं ना, मशीनला जागा बदलता येत नाही!"

"मंग उरूच नोका देऊ ना कॉल! लाईनी वाढवा. तक्रार ऐकायले माणसं बसवा!"

"त्याला खर्च येतो!"

"हो का?" बाबनरावांनी बोट खिशात घातलं. "साहेब, ऐका. मलेबी एक लिमिटेशन हाय. मले नंबर बदलता येत नाही. आता तुमाले माहीत झाली, म्हंजे तो बिघाड नाही. दुरुस्त करू नोका. सांभाळून घ्या! तुमचंच पोरगं म्हणत होतं."

गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली. अनुसयाबाईंनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याचा एवढा अभिमान त्यांना लग्नातसुद्धा वाटला नव्हता. वैभव काकुळतीला आला. "साहेब, भरायला लागली मशीन! लवकर बोला काहीतरी!"

रविंद्र साहेबांनी मशीनला मनातल्या मनात एक शिवी दिली, बाबनरावांकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं.

"बरं! बसवतो माणसं! लाईनी दुप्पट करतो! देवाशपथ! आता दाबा!"

"शब्द?"

"शब्द!"

बाबनरावांनी चष्मा पुसला, आकडे नीट आठवले आणि शेवटचं बटण दाबलं. पाचच मिनिटांत आजूबाजूच्या घरांतले फोन वाजायला लागले. पानठेलेवाल्यानं सगळ्यांना फुकट पान खाऊ घातलं. बाबनराव घराघरांत जाऊन सांगून आले, "मशीन झुकली, पण बारापात्रे नाही झुकला!"

आणि साहेबांनी शब्द पाळला, हे मान्य करायला हवं. तक्रार केंद्रावर नवी माणसं बसली. दुसऱ्या दिवसापासून बाबनरावांकडे एकही तक्रार आली नाही.

तक्रार आली नाही. पण दुसरंही काही आलं नाही. पहिला दिवस शांत गेला, तेव्हा बाबनराव म्हणाले, "अशी शांतता पाहिजे!" दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवरची धूळ पुसली. तिसऱ्या दिवशी रिसीव्हर उचलून टोन आहे का पाहिलं. टोन होता, खणखणीत. चौथ्या दिवशी ते फोनच्या शेजारीच खुर्ची टाकून बसले आणि जेवायलाही उठले नाहीत. लग्नसराई रंगात आलेली, टेम्पो भरभरून खुर्च्या जात होत्या, आणि नंबर मात्र गप्प! पाचव्या दिवशी त्यांचा धीर सुटला. त्यांनी तक्रार केंद्राला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"माहा फोन बंद हाय," ते म्हणाले.

"पण सर, आपण याच फोनवरून बोलताय ना?"

"बोलून राहिलो. पण वाजत नाही!"

दुपारी वैभव आला. त्यानं फोन उघडला, तारा तपासल्या, शिडी लावून खांबावर चढला, उतरला. मग स्वतःच्या मोबाईलवरून चार शून्यांचा नंबर लावला. फोन वाजला! बाबनरावांनी झडप घालून उचलला.

"हॅलो! बारापात्रे बिछायत केंद्र!"

"मीच आहे, काका," वैभव समोरूनच म्हणाला. "फोन एकदम टकाटक आहे."

"मंग वाजत काहून नाही?"

वैभव घुटमळला. पोरगा सालस होता. "काका, कोणी लावूनच नाही राहिलं."

आतल्या खोलीत धनश्रीचा मोबाईल वाजला. "हो, काका, बोला... दोनशे खुर्च्या? पाठवते ना. नाही नाही, याच नंबरवर करत जा." तो ठेवतेय न ठेवतेय तोच पुन्हा वाजला.

बाबनरावांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग हातातल्या रिसीव्हरकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या कंपनीला हरवलं, आणि घरातल्या घरात गिऱ्हाइकं केव्हा निघून गेली, हे कळलंसुद्धा नाही! त्यांनी रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला, शर्टाची बाही सारखी केली आणि वैभवकडे वळले.

"तुले काही समजत नाही!" ते गरजले. "बिघाड हाय हा! चढ पुन्हा खांबावर!"